चौकोनाचा गोल करताना: नव्या रफिंग गाऊजचा आढावा

पन्नास मिलिमीटरचा सागाचा चौरस ठोकळा लेथच्या दोन टोकांत आवळून मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याचे चार कोपरे मिळून हत्याराच्या धारेवर मिनिटाला ६००० ठोके देतात. म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक कोपरा सेकंदाला साडेपाच मीटरच्या वेगाने येऊन आदळत असतो. हे ठोके झेलत चौकोनाचा दंडगोल करून देणं हे रफिंग गाऊजचं काम. खोलगट पन्हळीच्या आकाराची ही रुंद पटाशी एकदा फिरून गेली की मग लाटणं असो, रवी असो की पाळण्याचा दांडा, पुढची वळणं, खाचा आणि गुळगुळीतपणा दुसरी हत्यारं सांभाळतात. कातकामात पहिला घाव गाऊजचा आणि शेवटच्या रूपात त्याची खूण नाही, अशी त्याची गत आहे.

तरीही या हत्याराचे नवे नमुने सतत येतात. चूर्णधातूचं पोलाद, अतिशीत प्रक्रिया केलेलं पोलाद, कोबाल्ट मिसळलेलं पोलाद, बदलता येणारी कार्बाइडची टिकली, ॲल्युमिनियमची मूठ. किमतीत चार-पाच पटींचा फरक सहज पडतो. हौशी कातकाम करणाऱ्याने यातलं काय घ्यावं, आणि घेतलेलं पारखावं कसं? या लेखाचं म्हणणं एवढंच की हे हत्यार विकताना पोलाद सर्वांत पुढे असतं, वापरताना मात्र ते सर्वांत शेवटी येतं. आधी घडण, मग धार, मग मूठ आणि नंतर पोलाद, असा क्रम लावला तर पैसे आणि बोटं दोन्ही वाचतात.

दोन परंपरा

आज बाजारात मिळणाऱ्या रफिंग गाऊजचं घराणं इंग्लंडचं. बकिंगहॅमशरमधल्या हाय विकमच्या परिसरात विंडसर खुर्च्यांचे पाय कातणारे बॉजर नावाचे कारागीर बीच वृक्षांच्या जंगलातच आपला लेथ मांडत. लवचीक खांबाला दोरी बांधून पायाने चालवायचा तो लेथ. लाकूड ओलं, ताजं तोडलेलं. आधी कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने पाय जवळजवळ गोल करून घ्यायचा आणि मगच लेथवर चढवायचा. त्यांना लागणारी पोलादी हत्यारं घडवण्यात शेफील्ड शहराने नाव कमावलं. रॉबर्ट सॉर्बी हे नाव १८२८ पर्यंत मागे जातं, हेन्री टेलर १८३४ पर्यंत. दोन्ही नावं आजही गाऊजवर कोरलेली दिसतात.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेने गेली. सावंतवाडी, कर्नाटकातलं चन्नपट्टण, आंध्रातलं एटिकोप्पाका ही लाखकामाची ठिकाणं. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका इथे काळ्या कुड्याचं मऊ, एकजिनसी, फिकट लाकूड वापरतात. जुन्या पद्धतीत कारागीर जमिनीवर बसतो, कमानीने किंवा दोरीने लाकूड उलटसुलट फिरतं आणि हत्याराला पायाचाही आधार मिळतो. हत्यारं स्थानिक लोहाराने घडवलेली, साध्या कार्बन पोलादाची. वाकसाने तासून ठोकळा आधीच गोलाकार केलेला असतो, त्यामुळे चौकोनाचे कोपरे झोडपून काढण्यासाठी वेगळं, जाडजूड हत्यार बाळगायची गरज फारशी पडत नाही.

यातला हिशेब तपासण्यासारखा आहे. चौरस ठोकळ्याचा तेवढ्याच व्यासाचा दंडगोल केला तर साडेएकवीस टक्के लाकूड काढावं लागतं. पण करवतीने किंवा रंध्याने आधी त्याचे चार कोपरे छाटून नेमका अष्टकोन केला, तर काढायच्या लाकडातला ८० टक्के भाग लेथवर जाण्याआधीच निघून गेलेला असतो. उरतो वीस टक्के, तोही आठ लहान कोपऱ्यांत वाटलेला. ठोक्यांची संख्या दुप्पट होते, पण प्रत्येक ठोका पुष्कळ हलका. बॉजरची कुऱ्हाड आणि आपल्या कारागिराचा वाकस हेच गणित न मांडता सोडवत होते. महागड्या गाऊजचा विचार करणाऱ्याने हा आकडा आधी डोळ्यांपुढे ठेवावा, कारण पोलाद बदलून मिळणारा फायदा कोपरे छाटून मिळणाऱ्या फायद्याच्या जवळपासही सहसा जात नाही.

घडणीचे चार प्रकार

पहिला आणि सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे इंग्रजी घडणीचा खोल यू आकार. जाड पट्टी तापवून साच्यात दाबून पन्हळ करतात. दोन्ही बाजू सरळ उभ्या, तळ अर्धगोल, आणि टोक काटकोनात सरळ घासलेलं. हौशी कामात पाऊण इंच आणि सव्वा इंच ही दोन मापं रुळलेली आहेत. या आकाराची खुबी सरळ बाजूंमध्ये आहे. तळाच्या भागाने कोपरे उडवायचे, आणि लाकूड गोल झालं की गाऊज कुशीवर वळवून त्या सरळ बाजूने तिरका कात घ्यायचा. धार ताजी असेल तर रंध्यासारखा लांब कीस निघतो आणि पृष्ठभाग जवळजवळ तयारच होतो.

दुसरा प्रकार युरोपीय, रुंद आणि उथळ पन्हळीचा. याची धार मोठ्या वर्तुळाच्या कंसासारखी असते. लाकडावर तो एका वेळी रुंद पण पातळ थर उचलतो, लांब उतार आणि उथळ वळणं त्याच्याने छान येतात. मात्र कुशीवर वळवून रंधा मारायला लागणारी सरळ बाजू त्याला नसते. लांबट, सरळ काम जास्त करणाऱ्याला यू आकार सोयीचा. पाळण्याच्या दांड्यासारखं सौम्य उताराचं काम करणाऱ्याने उथळ प्रकार हाताळून पाहावा.

तिसऱ्या प्रकारात गोल सळईतून पन्हळ यंत्रावर कोरून काढतात. त्यामुळे मुठीत शिरणारा भाग सळईचाच, पूर्ण जाडीचा राहतो. वजन जास्त, किंमतही जास्त, पण थरथर कमी.

चौथा प्रकार खरं तर गाऊजच नाही. चौकोनी पोलादी दांड्याच्या टोकावर स्क्रूने बसवलेली टंगस्टन कार्बाइडची चौरस टिकली. अमेरिकेतल्या ईझी वुड टूल्सच्या ईझी रफरने हा प्रकार घरोघरी नेला. हत्यार आडवं, सपाट धरायचं, धार लाकडाच्या मध्यरेषेवर ठेवायची आणि सरळ पुढे ढकलायचं. एक कड बोथट झाली की टिकली पाव फेरा फिरवायची, चार कडा संपल्या की नवी लावायची. शिकायला सोपं, धार लावायची कटकट नाही. पण गाऊज विळीसारखा चिरतो, ही टिकली खवणीसारखी खवते. त्यामुळे मऊ लाकडाचे तंतू उपटले जातात, पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि लांब किसाऐवजी तुकडे आणि धूळ उडते. शिसव किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडावर हा फरक कमी जाणवतो, मऊ पांगाऱ्यावर चटकन दिसतो.

शेपटीचा प्रश्न

घडणीत सर्वांत महत्त्वाचा भाग नेमका दिसत नाही. तो मुठीच्या आत असतो. पट्टीतून घडवलेल्या गाऊजचा पुढचा भाग रुंद आणि भक्कम, पण मुठीत शिरताना तो निमुळता होत अरुंद शेपटीचा होतो. शेफील्डची परंपरागत घडण अशीच आहे, आणि लांबट कामासाठी ती पुरेशी आहे. कारण तिथे लाकडाचे तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात आणि धार बहुतेक वेळ तंतूंच्या बाजूने कापत जाते.

वाडग्याच्या ठोकळ्यात मात्र तंतू अक्षाला आडवे असतात. प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा तंतूंची टोकं आणि दोनदा त्यांची कूस येते. रुंद गाऊजचा उघडा कोपरा त्या टोकांत रुतला की सगळा झटका शेपटीवर येतो आणि ती वाकते किंवा तुटते. मग मूठ हातात राहते आणि पोलादाचा जड तुकडा उडतो, बऱ्याचदा कातणाऱ्याच्याच दिशेने. अशा अपघातांमुळे इंग्रजीत या हत्याराच्या नावाआधी ‘स्पिंडल’, म्हणजे लांबट कामाचा, हा शब्द जोडायची रीत पडली. वाडग्यासाठी गोल सळईचा बोल गाऊज वेगळा असतो, तो लांबट कामात बदली म्हणून चालतो. उलट अदलाबदल चालत नाही.

यात तरफेचं गणितही आहे. मागचा हात टूल रेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीपासून, ४५० मिलिमीटरवर असेल आणि धार रेस्टच्या पुढे २५ मिलिमीटर, तर हाताला अठरापट जोर मिळतो. धार ७५ मिलिमीटर पुढे गेली की तोच जोर सहापटीवर येतो, आणि तेवढाच झटका सावरायला हाताला तिप्पट बळ लावावं लागतं. वाडग्याच्या कामात रेस्ट लाकडाजवळ नेता येत नाही, म्हणून धार अशीच पुढे जाते. शिवाय घासून घासून गाऊज आखूड होत जातो तशी अशक्त शेपटी रेस्टच्या, म्हणजे सर्वाधिक वाकवणाऱ्या ताणाच्या जवळ येते. म्हणून जुना, आखूड झालेला गाऊज नव्यापेक्षा जास्त जपून वापरावा.

विकत घेताना मूठ काढून पाहता येत नाही, पण मुठीच्या तोंडाशी पोलाद किती रुंद आणि किती जाड आहे हे दिसतं. रुंदीत भपकेदार आणि मुठीशी एकदम बारीक झालेला गाऊज पोलाद कितीही उंची असलं तरी बाजूला ठेवावा.

पोलादाची चढण

लाकडाच्या कातकामात शतकानुशतकं साधं कार्बन पोलाद चाललं. त्याची धार अतिशय तीक्ष्ण लागते, पण ग्राइंडरवर अडीच-तीनशे अंशांच्या आसपास तापून निळसर झालं की पाणी उतरतं आणि धार टिकेनाशी होते. रॉबर्ट मशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टनयुक्त पोलाद आणलं. पुढे फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये त्याच्या उष्णतोपचाराची रीत बसवली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लालभडक तापलेलं असतानाही धातू कातणारं हत्यार लोकांनी पाहिलं. हेच हायस्पीड स्टील. ते सहाशे अंशांच्या आसपासही कठीणपणा टिकवतं. लाकूड कातणाऱ्यांच्या हातात ते सर्रास आलं १९८० च्या दशकात.

आजचा पाया म्हणजे एम२ हा प्रकार: सुमारे सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार टक्के क्रोमियम, दोन टक्के व्हॅनेडियम. चिनी मानकात याच पोलादाचं नाव या चार घटकांची आणि आकड्यांची ओळीने केलेली यादीच आहे. त्यामुळे स्वस्त चिनी संच म्हणजे हलकं पोलाद असं सरसकट म्हणता येत नाही. तिथे कमी पडते ती बहुधा घडण, पन्हळीची सफाई आणि मूठ.

त्यावरच्या पायरीवर एम४२ येतं, ज्यात आठ टक्के कोबाल्ट असतो. अमेरिकेतल्या कार्टर अँड सन यांची हत्यारं त्याची. हेन्री टेलरची क्रायो मालिका अतिशीत प्रक्रियेची, सॉर्बीची प्रोपीएम चूर्णधातूची. ओहायोतल्या थॉम्पसन यांच्या हत्यारांच्या पोलादात तर व्हॅनेडियम दहा टक्क्यांच्या जवळ जातो. चूर्णधातूच्या पद्धतीत वितळलेल्या पोलादाचे बारीक कण करून ते उष्णता आणि दाबाखाली पुन्हा एकजीव करतात, त्यामुळे कठीण कार्बाइडचे कण लहान आणि सारखे पसरतात. झिजेला हे पोलाद नक्कीच जास्त पुरून उरतं.

पण रफिंगमध्ये धार फक्त झिजत नाही, ती ठोके खाते. साल, सालीत अडकलेली माती, गाठी आणि ते सेकंदाचे शंभर आघात. तिथे कठीणपणाइतकाच चिवटपणा लागतो. शिवाय धार जास्त टिकण्याचा खरा फायदा अशा हत्यारात असतो ज्याचा शेवटचा कात लाकडावर दिसतो आणि जे मधेच थांबवून घासणं जिवावर येतं, जसा वाडग्याच्या आतला गाऊज. रफिंग गाऊज सरळ घासलेला असतो, त्याला धार लावायला मिनिटभरही लागत नाही. जे हत्यार सर्वांत सोपं घासता येतं त्यालाच सर्वांत महाग पोलाद देणं उलटं आहे.

याला एक अपवाद आपल्याकडे मोठा आहे. सागात सिलिका असते आणि ती धार झपाट्याने मारते. रोज सागच कातणाऱ्या कारागिराला चूर्णधातूच्या पोलादाचे पैसे वसूल होऊ शकतात. आठवड्यातून एखादं लाटणं कातणाऱ्याला नाहीत.

धार आणि हात

नव्या गाऊजवर कारखान्यातून आलेली धार ही फक्त आकार दाखवण्यापुरती धरावी. बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, बहुतेकांच्या पसंतीला ४५ अंशांच्या आसपास असतो. कोन लहान केला तर कात गोड होतो पण धार ठोक्यांनी लवकर मरते, वाढवला तर उलट. ग्राइंडरच्या टेबलाचा कोन एकदा पक्का करायचा, गाऊज काटकोनात टेकवायचा आणि नुसता गोल फिरवायचा. त्याला जिग लागत नाही.

आपल्या बाजारातला ग्राइंडर साधारण २८५० फेऱ्यांचा असतो. दीडशे मिलिमीटरच्या चाकाचा काठ तेव्हा सेकंदाला बावीस मीटरने पळतो. हायस्पीड स्टीलला त्याचं भय नाही, कार्बन पोलादाला आहे. सोबत येणारं राखाडी चाक बदलून ६० किंवा ८० ग्रिटचं पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक लावावं. सीबीएनचं, म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइडचं, चाक उत्तम, न झिजणारं, पण महाग, आणि ते मऊ पोलादासाठी नाही. कार्बन पोलाद वरचेवर पाण्यात बुडवावं. हायस्पीड स्टील तापल्यावर पाण्यात बुडवू नये, धारेला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. गाऊजच्या अंगावर ‘हायस्पीड’ लिहिलेलं आहे म्हणून विश्वास ठेवायचा नसेल तर ठिणग्या पाहाव्यात. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, हायस्पीड स्टीलच्या तांबूस, मंद आणि न फुटणाऱ्या.

वापराचे नियम पोलादाप्रमाणे बदलत नाहीत. कीथ रोली यांच्या १९९० च्या ‘वुडटर्निंग: अ फाउंडेशन कोर्स’ या पुस्तकाने हे नियम नव्या शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचवले, आणि त्यातले दोन या हत्याराला विशेष लागू आहेत. फिरत्या लाकडाला स्पर्श करण्याआधी हत्यार रेस्टवर टेकलेलं असावं. आणि धारेच्या ज्या भागाखाली रेस्टचा थेट आधार आहे तोच भाग लाकडाला लावावा. रुंद गाऊजचे दोन्ही कान आधाराबाहेर असतात, म्हणून जिकडे सरकायचं तिकडे हत्यार किंचित वळवायचं. सुरुवात टोकाजवळून करायची, धार लाकडाबाहेर जाईल अशा दिशेने, मग हळूहळू मागे सरकत जायचं. बाहेरून टोकात शिरायचं नाही. चेहऱ्यावर पूर्ण आवरण हवं, हातमोजे नकोत, बाह्या सैल नकोत.

पारख कशी करावी

दोन गाऊजची तुलना बहुतेक वेळा फसते ती एकाच कारणाने. नवा गाऊज ताज्या धारेचा असतो आणि जुना महिनाभर न घासलेला. नवा जिंकणारच. म्हणून दोन्ही एकाच चाकावर, एकाच कोनात, एकामागून एक घासावेत. लाकूड एकाच फळीतून कापलेलं असावं, कोरडं किंवा ओलं, पण दोन्हींसाठी सारखं. गती सारखी. हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे: इंचातला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. चौकोनी, असमतोल ठोकळ्याला सुरुवातीला याहून कमी गती द्यावी.

मग चार गोष्टी पाहाव्यात. कीस लांब आणि अखंड निघतो की चुरा होतो. मागच्या हाताला थरथर किती पोहोचते. आवाज केव्हा बदलतो, कारण धार मरू लागली की कापल्याच्या सुरात घासल्याचा आवाज मिसळतो. आणि दिव्याखाली धारेवर चमकणारी रेघ केव्हा दिसू लागते, कारण तीक्ष्ण धार उजेड परतवत नाही. पहिल्या दोन गोष्टी घडण आणि मुठीबद्दल बोलतात, शेवटच्या दोन पोलादाबद्दल. नवा गाऊज पहिल्या दोन गोष्टींत हरत असेल तर उरलेल्या दोन पाहायची गरज नाही.

काय घ्यावं

लहान लेथ आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर असलेल्याला पाऊण इंची, यू आकाराचा, एम२ पोलादाचा, मुठीशी भक्कम गाऊज पुरतो. सव्वा इंची त्या मोटरला जड जातो. मोठ्या लेथवर खुर्चीचे पाय किंवा जिन्याचे खांब कातणाऱ्याने सव्वा इंची घ्यावा आणि लांब मूठ लावावी. शाळेच्या कार्यशाळेत किंवा ज्यांना धार लावायला शिकायचंच नाही त्यांना कार्बाइडची टिकली योग्य, मात्र खरबरीत पृष्ठभागाची आणि पुढच्या पॉलिशपेपरची तयारी ठेवून. रोज साग किंवा मातीसकट लाकूड कातणाऱ्या व्यावसायिकाने चूर्णधातूचं पोलाद घ्यावं आणि वरच्या पद्धतीने पारखून पाहावं. वाडगेच कातायचे असतील तर यातलं काहीच घेऊ नये, त्या पैशांत बोल गाऊज घ्यावा.

उत्पादकांकडून एक अपेक्षा मात्र उरते. संचात रफिंग गाऊज सर्वांत मोठा आणि दिमाखदार दिसतो, म्हणून नवशिक्याचा हात वाडग्यासाठीही आधी त्याच्याकडेच जातो. मुठीवर पोलादाचा दर्जा ठळक कोरला जातो, तिथेच ‘वाडग्यासाठी नाही’ हे तेवढ्याच ठळक अक्षरात कोरायला कुणाची हरकत नसावी. ग्राहकापुरतं सांगायचं तर एम२ आणि त्यावरच्या पोलादातला किमतीचा फरक बाजूला ठेवून त्यात एक पांढरं चाक आणि चेहऱ्याचं आवरण आणावं, आणि लेथ सुरू करण्याआधी करवतीने चार कोपरे छाटून घ्यावेत.